कुटुंबासाठी राखीव

भाऊंच्या तोंडून 'बायको' हा शब्द कधी कुणी ऐकलेला नव्हता. तसा शब्द साधा, तीन अक्षरांचा, जोडाक्षरसुद्धा नाही. शेंबडी पोरंही तो सहज उच्चारतात. पण भाऊ ज्या घरात वाढले तिथे वडील आईला 'आमचं कुटुंब' म्हणायचे, आणि आई वडिलांना काहीच म्हणायची नाही, नुसतं भांडं आपटायची. असल्या वळणातला माणूस पुढे कचेरीत हेडक्लार्क झाला, डोक्यावरचे केस गेले, चष्म्याचा नंबर वाढला, तरी चारचौघांत 'माझी बायको' म्हणायची वेळ आली की त्याची जीभ टाळूला चिकटायची. मग 'घरून डबा आलाय', 'घरी विचारून सांगतो' असं करून तो वेळ मारून न्यायचा. एकदा वहिनी माहेरी गेल्या होत्या तेव्हा भाऊंनी साहेबांना 'सध्या घर माहेरी गेलंय' असं सांगितलं होतं. साहेबांनी त्याचा अर्थ लावायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

आता गंमत बघा, हा माणूस नोकरीला कुठे, तर विवाह नोंदणीच्या कचेरीत. तिथे खिडकीसमोर दिवसभर नवरा-बायकोंचीच रांग. नवीन जोडपी हातात हात घालून यायची आणि भाऊ चष्म्याच्या वरून बघत विचारायचे, "दोघंच आलात? साक्षीदार कुठायत?" दोन साक्षीदार आणले तर तिसऱ्यासाठी परत पाठवायचे. रस्त्यावरच्या फुलवाल्याला साक्षीदार म्हणून उभं केलं तर त्याला 'तुम्ही ह्यांना कधीपासून ओळखता?' असं विचारून घाम फोडायचे. त्यावरून कचेरीत पाठीमागे त्यांना 'तिसरा साक्षीदार' म्हणत. भाऊंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं. आपल्याला कुणीतरी टोपणनाव ठेवलं म्हणजे आपण कुणीतरी आहोत, अशी त्यांची समजूत होती.

तर अशा ह्या भाऊंसमोर एका रविवारी दुपारी वहिनी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. मुलगा नोकरीनिमित्त परगावी, घरात दोघंच. वहिनी म्हणाल्या, "वाचलंत का? जुन्या बाजारातलं ते आइस्क्रीमचं दुकान बंद होतंय. महिनाअखेरीला. तिथे मोबाइलचं शोरूम होणार म्हणे."

"हूं," भाऊ म्हणाले.

"आपण गेलो होतो तिथे. नवीन लग्न झालेलं तेव्हा."

"हो की! काय मजा आली होती!"

"कुणाला?" वहिनींनी विचारलं.

भाऊंना हळूहळू आठवलं. तेव्हा त्यांनी वहिनींना कानात सांगितलं होतं, 'चल, दोघंच जाऊन येऊ.' दारात आईनं विचारलं, 'कुठे निघालात?' आणि नवऱ्या मुलाच्या तोंडून 'दोघंच' निघेना, 'सगळेच जातोय' निघालं. मग सगळेच गेले. आई, काका, थोरल्या ताई, ताईंची मुलं. दुकानात पडद्याआड एक खास कक्ष होता, त्यात सगळे दाटीवाटीनं बसले. नव्या नवरीला खुर्ची उरली नाही म्हणून ती सगळ्यांच्या पिशव्या धरून पडद्याशी उभी राहिली. तिच्या वाट्याचा पेला ताईंच्या धाकट्यानं 'मामीचा घसा दुखतोय' असं परस्पर जाहीर करून संपवला होता.

"मला तिथे जायचंय," वहिनी म्हणाल्या. "दोघंच. तुम्ही आणि मी. तिसरं कुणी नको. इतकी वर्षं माणसांत जेवले, माणसांना वाढलं, माझी काही तक्रार नाही. पण एकदा तुमच्यासमोर बसून, कुणाला काय हवं-नको न बघता, एक पेला आइस्क्रीम खायचंय मला. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मी एकटी जाऊन येते. पण मग पुन्हा मला कशालाच 'चल' म्हणायचं नाही."

वहिनी रागावल्या की बोलायच्या, ते भाऊंना सोसायचं. पण मनाला काही लागलं की त्या घड्या फार नीट घालायच्या. त्या दुपारी भाऊंचा हातरुमाल दुमडता दुमडता एवढासा झाला होता, की तो काडेपेटीत मावला असता. भाऊ घाबरले.

"एवढंच ना?" ते म्हणाले. "गुरुवारी जाऊ! कक्षच राखून ठेवतो, बघ!"

आता आमच्या इमारतीची एक अडचण अशी, की मोबाइलला रेंज फक्त जिन्याच्या मधल्या वळणावर येते. त्यामुळे इथे कुणाचीच कुठलीच गोष्ट खासगी राहत नाही. भाऊ संध्याकाळी त्या वळणावर उभे राहिले आणि त्यांनी दुकानाला फोन लावला. पलीकडे म्हातारे मालक होते, त्यांच्या मागे कसलंसं यंत्र घरघरत होतं.

"तो पडद्याचा कक्ष राखून ठेवायचा होता. गुरुवारी," भाऊ म्हणाले.

"किती माणसं?"

"मी आणि माझी..." भाऊ म्हणाले, आणि तेवढ्यात खालून तळमजल्यावरचे मास्तर वर आले. मास्तर निवृत्त झाल्यापासून कुणाचाही फोन अर्धवट ऐकून पुढे जात नाहीत, तो शिक्षकी शिस्तीचा भाग आहे. ते कठड्याला टेकले. वरून पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या किल्ल्या खुळखुळवत खाली आल्या आणि त्याही थांबल्या. त्या दातांच्या डॉक्टर. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता तोंडात बघतात. भाऊंनी ओठ मिटून घेतले.

"माझी काय? माझी काय?" मालक पलीकडून विचारत होते.

"कुटुंब," भाऊ मिटल्या ओठांतून म्हणाले. वडिलांचा शब्द वेळेला धावून आला म्हणून त्यांना हायसं वाटलं.

"अं? मोठ्यानं बोला! मला कमी ऐकू येतं आणि इथं मशीन चालू आहे!"

"कुटुंब येणार आहे!"

"कोण?"

"कुटुंब हो! कु! टुं! ब!"

वरच्या मजल्यावरचं कुणाचं तरी दार उघडलं. "अच्छा, कुटुंब!" मालक खूश होऊन ओरडले, ते मास्तरांनाही ऐकू गेलं. "मग असं सांगा की! आणा, आणा, सगळ्या कुटुंबाला घेऊन या!" आणि फोन बंद झाला.

"वा, भाऊसाहेब," मास्तर म्हणाले. "कुटुंबाला आइस्क्रीम खायला नेताय! किती वाजता निघायचं आपण?"

"आपण?"

"म्हणजे काय? गच्ची गळत होती तेव्हा वर्गणीच्या सभेत तुम्हीच उभं राहून म्हणाला होतात ना, की ही इमारत म्हणजे एक कुटुंब आहे? मी टाळ्या वाजवल्या होत्या. वर्गणीही दिली."

भाऊ त्या भाषणाबद्दल इतके दिवस अभिमान बाळगून होते. जन्मात एकदाच टाळ्या मिळाल्या होत्या, त्याही अशा अंगावर याव्यात, ह्याला काय म्हणावं! त्यांनी नुसतं 'हो हो' केलं. तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थंड खाताना डाव्या बाजूनं खाऊ नका. तुमची डावीकडची दाढ मला आत्ता फोनवर बोलतानाच दिसली. मी येते बरोबर, लक्ष ठेवायला कुणीतरी हवं." मास्तरांचं मत पडलं, की आइस्क्रीम आधी पूर्ण वितळू द्यावं आणि मग घोट घोट घ्यावं, म्हणजे घशाला बाधत नाही. भाऊ म्हणाले, मग दूधच का पिऊ नये? त्यावर मास्तर म्हणाले, दूध प्यायला एवढ्या लांब कशाला जायचं? ह्या वादात जिन्यावर बराच वेळ गेला आणि 'तुम्ही येऊ नका' हे सांगायचं राहूनच गेलं.

रात्रीच्या जेवणाआधी भाऊ पुन्हा जिन्याच्या वळणावर गेले, तेव्हा थोरल्या ताईंचा फोन आला. ताईंची कवळी दुरुस्तीला डॉक्टरीणबाईंकडे होती, त्या वाटेनं बातमी गेली होती. कवळी नसल्यामुळे ताईंचं बोलणं फुसफुसत येत होतं, पण त्यातलं दुःख स्पष्ट कळत होतं.

"कुटुंबाला नेतोयस म्हणे? आणि मला कळतं कुणाकडून, तर परक्या बाईकडून! मी कुटुंबात नाही वाटतं? तुला कडेवर घेऊन फिरले, तुझा शेंबूड पुसला, ती मी परकी?"

"तसं नाही गं ताई, कुटुंब म्हणजे..."

"म्हणजे काय? सांग ना! म्हणजे काय?"

वहिनी घरातून पानं घ्यायला हाक मारत होत्या. भाऊंना एकच शब्द उच्चारायचा होता. ते म्हणाले, "म्हणजे तू आलीसच त्यात. गुरुवारी. पाच वाजता."

ह्या 'पाच वाजता'मध्ये भाऊंच्या आयुष्यातला पहिला कट शिजलेला होता. सगळ्यांना पाच सांगायचं आणि आपण तीनलाच जाऊन, खाऊन, मोकळं व्हायचं. मग पाच वाजता मंडळींसमोर 'अरेरे, हिचं डोकं दुखायला लागलं' म्हणून एकट्यानंच पुन्हा एकदा आइस्क्रीम खायचं. वहिनींना ह्यातलं काहीही कळू द्यायचं नाही. कट रचून झाल्यावर भाऊंना स्वतःचं इतकं कौतुक वाटलं, की त्यांनी आरशात पाहून भांग पाडला. भांग पाडण्याइतके केस नव्हते, ती गोष्ट वेगळी.

गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा मागायला ते साहेबांपुढे उभे राहिले.

"कारण?" साहेबांनी विचारलं.

"कौटुंबिक."

"कुणी आजारी आहे का?"

"नाही. कुटुंबाला आइस्क्रीम..."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "अहो, आजारपण, अपघात, मरण, परीक्षा, ह्यांच्या रजा मला माहीत आहेत. आइस्क्रीम कुठल्या सदरात घालू?"

"किरकोळमध्ये घाला," भाऊ म्हणाले. नियमाचं पुस्तक त्यांना साहेबांपेक्षा जास्त पाठ होतं. रजा मिळाली, पण जिना उतरताना तो 'किरकोळ' त्यांना उगीचच टोचायला लागला. वहिनींनी इतक्या वर्षांत एक गोष्ट मागितली आणि आपण ती किरकोळमध्ये टाकून आलो. तरी चालताना त्यांनी स्वतःची समजूत घातली, की सदर काहीही असो, रजा ती रजा.

वहिनी परस्पर यायच्या होत्या. इमारतीत संशय नको म्हणून भाऊंनी त्यांना हातात भाजीची पिशवी घेऊन निघायला सांगितलं होतं. त्या दुकानाच्या कोपऱ्यावर उभ्या होत्या, ठेवणीतले कपडे, केसांत फूल, हातात रिकामी पिशवी. भाऊ दिसताच त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, पळून चाललोय असं वाटतंय मला." भाऊंनी घसा खाकरला आणि 'ऊन फार आहे' असं म्हटलं. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं.

दुकान जसंच्या तसं होतं. संगमरवरी टेबलं, लोखंडी पायांच्या खुर्च्या, लांब दांड्यांचे करकरणारे पंखे, कपाटात उंच दांडीचे काचेचे पेले आणि पाण्यानं काळवंडलेले आरसे. फक्त बंद होणार म्हटल्यावर अख्खं शहर शेवटचं आइस्क्रीम खायला आलं होतं. एक खुर्ची रिकामी नव्हती. गेल्या दहा वर्षांत ह्यातले निम्मे जरी फिरकले असते तरी दुकान बंद पडलं नसतं, पण ते असो. भाऊ ऐटीत गल्ल्याशी गेले.

"आमचा कक्ष राखून ठेवला होता. फोन केला होता मी."

मालकांनी कानामागे हात धरला. "अं? कोण?"

"कुटुंब! कुटुंब म्हणून सांगितलं होतं!"

"हां, कुटुंब! या, या!" मालक उठले, आणि भाऊंच्या खांद्यावरून मागे बघत राहिले. "कुठाय कुटुंब?"

भाऊंनी गल्ल्याच्या खालच्या बाजूनं, कुणाला दिसणार नाही अशा बेतानं, वहिनींकडे बोट केलं. "ह्या."

"ह्या तर दिसतायत. बाकीचे?"

"बाकीचे नाहीत. एवढंच आहे."

मालकांनी पडद्यावरच्या पाटीकडे हात केला. पाटीवर लिहिलं होतं : कुटुंबासाठी राखीव. किमान चार माणसे. एकट्यादुकट्यास प्रवेश नाही.

"पूर्वी इथं जोडपी यायची," मालक म्हणाले, "एक पेला मागवायची आणि दिवे लागेपर्यंत पडद्याआड बसायची. आमच्या वडिलांनी पाटी लावली. वडील गेले, पण पाटी आहे. दोघांना कक्ष देत नाही."

"अहो, आम्ही तसले दोघं नाही!"

"मग कसले? नातं काय तुमचं?"

दुकानातले पुढच्या टेबलांवरचे चमचे थांबले. भाऊंनी जीभ ओली केली. "आम्ही घरचीच माणसं आहोत."

"कुणाच्या घरची?"

"एकमेकांच्या."

"ह्या तुमच्या कोण लागतात?"

वहिनी भाऊंकडे बघत होत्या. आता हा माणूस काय म्हणतो, ह्याची त्यांनाही मनापासून उत्सुकता होती. भाऊंनी तोंड उघडलं, ब ओठांपर्यंत आलासुद्धा, आणि ते म्हणाले, "ह्या आमच्याकडच्या."

वहिनींनी मान वळवली आणि त्या बरण्यांमधल्या बिस्किटांकडे बघू लागल्या.

"पुरावा आहे काही?" मालकांनी विचारलं.

पुरावा! रोज शेकडो लोकांकडे जो मागितला, तो भाऊंकडे कुणी मागेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट, जी ते कचेरीत मरेपर्यंत कुणाला सांगणार नव्हते, ती अशी, की त्यांच्या स्वतःच्या लग्नाची नोंदणीच झालेली नव्हती. करू करू म्हणता राहिली. दोन साक्षीदार ठरले होते, तिसरा कोण ह्यावर घोडं अडलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

"चार माणसं आणा, लगेच पडदा उघडतो," मालक म्हणाले आणि खाली बसले.

"चार नाही, आम्ही पाच आहोत!" मागून आवाज आला.

दारात ताई उभ्या होत्या. कवळी दुरुस्त होऊन तोंडात बसलेली, हातात घरी न्यायला मोठा डबा. त्यांच्या मागे मास्तर, मास्तरांच्या मागे डॉक्टरीणबाई. "पाच म्हणालास म्हणजे गर्दी होणार," ताई म्हणाल्या, "म्हणून मीच ह्यांना लवकर घेऊन आले जागा धरायला. आणि तू आधीच हजर! शहाणा आहेस हो."

वहिनींनी आधी ताईंकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, मग डॉक्टरीणबाईंकडे. भाऊंकडे पाहिलं नाही.

"आलं की कुटुंब!" मालक ओरडले आणि त्यांनी स्वतः जाऊन पडदा सारला. ताईंनी भाऊंचा दंड धरला, 'चल, आधी खुर्च्या पकडू' म्हणत त्यांना आत ओढलं, आणि काय होतंय हे कळायच्या आत भाऊ बसलेसुद्धा. समोर ताई, बाजूला मास्तर, पलीकडे डॉक्टरीणबाई. कक्षात पूर्वी पुष्कळ खुर्च्या होत्या, आता मोडून मोडून चार उरल्या होत्या. चारही भरल्या. मास्तर म्हणाले, "मला पिस्ता, पण वितळलेला." डॉक्टरीणबाई भाऊंच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "उजवीकडून हं." ताई टेबल पुसायला फडकं मागत होत्या.

आणि वहिनी पिशवी धरून पडद्याशी उभ्या होत्या.

"अगं, तुला खुर्ची नाही का?" ताई म्हणाल्या.

"असू द्या, वन्सं," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही खा सावकाश. मी उभीच बरी. द्या तो डबा, मी धरते." त्यांनी डबा घेतला, तो पिशवीत ठेवला. मग कमरेचा हातरुमाल काढला आणि त्याची घडी घालायला सुरुवात केली. एक घडी, त्यावर दुसरी, कोपऱ्याला कोपरा जुळवून. तिसरी.

ती तिसरी घडी पडताना भाऊंनी पाहिली. ह्यानंतर आपण जन्मभर 'चल' म्हणू शकणार नाही, हे त्यांना लख्ख कळलं. ते उठले. उठताना टेबलाला गुडघा आपटला, पाण्याचा पेला मास्तरांच्या मांडीवर सांडला, पण ते थांबले नाहीत.

"ताई, मास्तर, डॉक्टरीणबाई," ते म्हणाले, "चूक माझी आहे. मी कुटुंब म्हणालो, पण मला कुटुंब म्हणायचं नव्हतं. म्हणजे कुटुंबच म्हणायचं होतं, पण हे कुटुंब नव्हे, ते कुटुंब."

"ह्याला ऊन लागलंय," ताई डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या.

"ऊन नाही लागलं! मला हिच्याबरोबर यायचं होतं. दोघांनाच. कारण ही..." भाऊंची जीभ टाळूला चिकटली. त्यांनी ती सोडवली. "कारण ही माझी बायको आहे."

मालक गल्ल्यावरून धडपडत आले होते. त्यांनी कानामागे हात धरला. "अं? कोण आहे म्हणालात?"

"बायको!"

"मोठ्यानं बोला! पंख्याचा आवाज आहे!"

"बायको!" भाऊ ओरडले. आता ओरडायचंच ठरलं तर ठरलं! "बा! य! को! माझी बायको! मला माझ्या बायकोबरोबर आइस्क्रीम खायचंय!"

भाऊंचे कान लालबुंद झाले होते. चारचौघांत नको म्हणून इतकी वर्षं जो शब्द गिळला, तो आता सगळ्या शहरासमोर ओरडून झाला होता. वहिनींच्या हातातला रुमाल घडी अर्धवट राहून उलगडला होता, आणि त्या खाली मान घालून हसत होत्या की रडत होत्या, ते कळत नव्हतं.

ताई उठल्या. भाऊंना वाटलं, आता रुसणार. पण ताई म्हणाल्या, "अरे गाढवा, मग आधीच बायको म्हणायचं होतंस! कुटुंब कुटुंब काय लावलंयस बाबांसारखं? उठा हो मास्तर. बाई, तुम्हीही उठा."

"माझी पँट भिजली आहे," मास्तर म्हणाले.

"वाळेल. उठा."

"पण दोघांना कक्ष देत नाही," मालक म्हणाले. "पाटी आहे. आणि हे नवरा-बायको कशावरून? मघाशी तर हे वेगळंच सांगत होते."

आता मात्र भाऊंच्यातला हेडक्लार्क जागा झाला. त्यांनी चष्मा वर सरकवला. "तीन साक्षीदार हजर आहेत," ते म्हणाले. "घ्या साक्षी."

ताई पुढे झाल्या. "मी ह्याची सख्खी बहीण. ह्यांच्या लग्नात मी रुसून बसले होते, विचारा कुणालाही." मास्तर भिजल्या पँटनं ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "मी ह्यांच्या घराखाली राहतो. ह्यांची भांडणं मी नियमित ऐकतो. मुद्दे तेच तेच असतात. नवरा-बायकोच आहेत." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोघांच्याही दाढा मी पाहिल्यात. आतल्या आत दात-ओठ खाऊन सारख्याच झिजल्यात."

मालकांनी हे सगळं दोनदा सांगायला लावलं. त्यांचं समाधान झालं, पण पाटी होतीच. किमान चार माणसं. शेवटी ताईंनीच तोडगा काढला. तीन खुर्च्या कक्षातून बाहेर काढल्या, पडद्याला पाठ लावून ओळीनं मांडल्या आणि तिघं त्यावर बसले. "आता मोजा," ताई म्हणाल्या, "दोन आत, तीन बाहेर. पाच झाले." मालकांनी मोजलं. वडिलांच्या पाटीकडे एकदा पाहिलं. "ठीक आहे," ते म्हणाले. "कुटुंब आहे, फक्त जरा पसरलंय." आणि गल्ल्यामागची स्वतःची खुर्ची आणून त्यांनी आत ठेवली, कारण कक्षात आता एकच उरली होती.

पडदा पडला. आत दोघंच.

आणि काय सांगायचं, दोघांना बोलायला काही सुचेना! भाऊंनी मिठाची बाटली उगाच इकडची तिकडे केली. पेले आले. व्हॅनिला संपलं होतं, पिस्ता मास्तरांनी आधीच अडवला होता, शेवटी जे उरलं होतं ते आलं, गुलाबी रंगाचं, चव कशाची ते सांगता येणार नाही असं. वहिनींनी पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. कुणाला हवं-नको बघायचं नव्हतं. त्यांनी दुसरा चमचा घेतला, तिसरा घेतला. भाऊ त्यांच्याकडे बघत बसले, आणि त्यांचं आइस्क्रीम मास्तरांना आवडलं असतं तसं झालं.

"खा ना," वहिनी म्हणाल्या.

"हो."

पडद्याबाहेरून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "उजवीकडून!"

वहिनी हसल्या. मग चमचा खाली ठेवून म्हणाल्या, "अहो, मघाशी काय म्हणालात?"

"कधी?"

"मघाशी. पँट भिजवलीत तेव्हा."

भाऊंनी पडद्याकडे पाहिलं. पडद्याखाली तीन जोड्या पावलं दिसत होती, आणि ती अगदी स्तब्ध होती. ते पुढे वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "बायको."

वहिनींचे कान शाबूत होते. शेजारच्या घरात दूध उतू गेलं तरी त्यांना कळायचं. पण त्यांनी मालकांसारखा कानामागे हात धरला आणि डोळे बारीक करून म्हणाल्या, "अं? कोण?"

भाऊंनी खुर्ची पुढे ओढली, घसा साफ केला आणि मोठ्यानं म्हणाले, "माझी बायको!"

"ऐकलं!" पडद्याबाहेरून तिन्ही साक्षीदार एकदम म्हणाले.